मंडपेश्वराचे धनी किती? (उपनगरांतला वारसा : लेखांक ७)

मेट्रो २-अ मार्गिकेवर दहिसरहून अंधेरीकडे निघालेल्या गाडीत कांदरपाड्यानंतर ‘मंडपेश्वर’ची घोषणा होते, मग ‘एक्सर’ची आणि मग बोरिवली पश्चिमची. २०२२ मध्ये ही मार्गिका सुरू होईपर्यंत बोरिवलीबाहेरच्या किती मुंबईकरांनी ही पहिली दोन नावे ऐकली असतील, शंकाच आहे. रविवारी पाहुणे आले की गाडी वळते ती नॅशनल पार्ककडे, कान्हेरीला. तिकडे जाऊच नये असे नाही. मागच्या दोन लेखांकांत कान्हेरीचेच कौतुक झाले. पण बोरिवलीचा खरा गुंता रुळांच्या या बाजूला, आय. सी. कॉलनीच्या अंगाला आहे.

मंडपेश्वर हे सहाव्या शतकातले शैव लेणे, जोगेश्वरी आणि घारापुरीच्या कुळातले. दर्शनी खांब ओलांडून आत गेले, की मुख्य मंडप आणि समोर गर्भगृह. बाजूच्या दालनात नटराजाचे मोठे शिल्प आहे. हातांची मोडतोड झाली आहे, चेहरे झिजले आहेत, तरी कमरेतला बाक आणि भोवतीच्या देवगणांची दाटी नीट वाचता येते. घाई असलेला माणूस इथेच एक फोटो काढून परततो.

त्याने जरा थांबायला हवे. आतल्या एका भिंतीवर क्रूस कोरलेला आहे. लेण्यातून बाहेर येऊन मान वर केली, तर कातळाच्या माथ्यावर दगडी इमारतीच्या उघड्या भिंती दिसतात. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगिजांना दिली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो इथे आला. त्याने लेण्याचे चर्च केले आणि ते ‘नोसा सेन्योरा दा पिएदादे’, म्हणजे करुणामयी मातेच्या नावाने अर्पण केले. वरच्या भिंती आहेत त्या मठाच्या आणि विद्यालयाच्या. सुमारे दोनशे वर्षे इथे लॅटिन प्रार्थना चालल्या. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई, आणि लेण्याचे चर्चपण संपले. आज गर्भगृहात शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला रांग लागते. जवळच आय. सी. चर्चमध्ये रविवारची मिस्सा नेमाने होते. आय. सी. म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन. कॉलनीचे नावही त्याच चर्चवरून पडले.

हे प्रकरण मुंबईपुरतेच आहे असे वाटत असेल, तर हंगेरीतल्या पेच शहराकडे पाहावे. पोर्तुगीज साष्टीत बस्तान बसवत होते, त्याच सुमारास, १५४३ मध्ये, तुर्कांनी पेच जिंकले. तिथले जुने चर्च पाडून त्याच्याच दगडांतून कासीम पाशाची मशीद उभी राहिली. तुर्क १६८६ मध्ये गेले आणि पुढे जेझुइटांनी त्या मशिदीचे पुन्हा चर्च केले. तिचा घुमट आजही भर चौकात आहे. त्यावर चंद्रकोर आहे आणि चंद्रकोरीच्या वर क्रूस. आत मिहराबही जागेवर आहे. पेचमध्ये येणाऱ्या पाहुण्याला या सगळ्या उलथापालथी एका दमात सांगितल्या जातात, कारण शहराची ओळखच त्यावर उभी आहे. मंडपेश्वरात मात्र ज्याला जे प्रकरण प्रिय, तेवढेच तो सांगतो. भाविक नटराजाशी थांबतो, चर्चच्या इतिहासात रमणारा वरच्या भिंतींशी.

आजचा धनी कोण, हे विचारले तर उत्तर कोरडे आहे : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. शेजारच्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास अडतो तो इथे. वारसाप्रेमींना ही कुरकुर आवडत नाही, पण गळक्या छताखाली राहणाऱ्याची बाजूही ऐकायला हवी.

एक स्थानक पुढे एक्सर. इथल्या वस्तीत शिलाहारकाळाच्या अखेरीचे मानले जाणारे वीरगळ उभे आहेत. एरवी महाराष्ट्रातल्या वीरगळांवर घोडेस्वार असतात, गाईंसाठी लढणारे वीर असतात. इथे खालच्या पट्ट्यांत गलबते आहेत, वल्ह्यांची ओळ आहे, गलबतांवर माणसे लढत आहेत. वरच्या पट्ट्यांत वीर शिवलिंगापुढे हात जोडून आहेत, आणि मग स्वर्ग. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास समुद्रात झालेल्या लढाईशी या शिळांचा संबंध अनेक अभ्यासक जोडतात. काळाबद्दल मतभेद आहेत. पाहताना सकाळचे तिरपे ऊन गाठावे. दुपारी डोक्यावरच्या उन्हात वल्ही दिसतच नाहीत.

लेणे आणि वीरगळ निदान मनात आले की पाहता येतात. अंधेरीचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च तसे नाही. १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधलेले हे चर्च १८४० च्या साथीनंतर ओस पडले आणि भाविक मरोळच्या नव्या चर्चमध्ये गेले. १९७३ मध्ये सीप्झ आले, आणि ही वास्तू निर्यात क्षेत्राच्या कुंपणाच्या आत राहिली. आता छत नाही, भिंती आणि दर्शनी भाग शिल्लक आहे. एरवी पासाशिवाय फाटकातून आत जाता येत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मात्र सणाची मिस्सा होते आणि त्या दिवशी ईस्ट इंडियन कुटुंबे आपल्या जुन्या चर्चमध्ये येतात. ज्यांना ते पाहायचे आहे, त्यांनी मरोळच्या चर्चमध्ये आधी चौकशी करून त्या रविवारीच जावे.

(पुढील आठवड्यात : कोंडिविटे, म्हणजेच महाकाली लेण्यांतला जाळीच्या खिडक्यांचा गोल स्तूपगृह-कक्ष आणि बिहारच्या बराबर टेकड्यांशी त्याचे नाते.)