कोकण : खलाटी ते वलाटी

विस्तार : सह्याद्री आणि अरबी समुद्र यांमधला चिंचोळा पट्टा. उत्तरेला दमणगंगा, दक्षिणेला तेरेखोल. किनारा पारंपरिक मोजणीनुसार ७२० किमी.

खलाटी, वलाटी : समुद्रालगतचा सखल भाग ती खलाटी, सह्याद्रीच्या पायथ्याकडचा उंच भाग ती वलाटी. नद्या आखूड आणि वेगवान, मुखाशी खाड्या.

जिल्हे : सात. कुलाब्याचे ‘रायगड’ झाले १९८१ मध्ये. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा. पालघर सर्वांत नवा, २०१४ चा.

रत्नागिरी : लोकमान्य टिळकांचे जन्मगाव. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इथेच नजरकैदेत होता. १९१६ मध्ये इथेच वारला. त्याचा राजवाडा आजही उभा आहे.

जलदुर्ग : सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४. मुरूडजवळचा जंजिरा सिद्दींचा. मराठ्यांना तो कधीच घेता आला नाही.

लोककला : दक्षिणेत दशावतार, रत्नागिरीत नमन-खेळे, पालघरच्या वारली पाड्यांवर तारपा.

शिमगा : ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून निघते, घरोघर जाते, खांद्यांवर नाचवली जाते. चाकरमानी त्यासाठी रजा राखून ठेवतो. (गणपतीची वेगळी!)

रेल्वे : रोहा ते ठोकूर. संपूर्ण मार्ग १९९८ पासून खुला.