पेशी कशाला धरून राहते

नळी बर्फात रुतवून ठेवलेली असते. तिच्यातला दाटसर द्रव उचलायची पिपेटची टोकंही आधीच फ्रीजमध्ये गार करून घेतलेली असतात, कारण हात जरा रेंगाळला की द्रव टोकातच थिजतो आणि सकाळची सगळी तयारी वाया जाते. बुडबुडा येऊ न देता तो बशीत पसरायचा, बशी सदतीस अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये सरकवायची आणि त्याची जेली होईपर्यंत थांबायचं. मग तिच्यात स्तनाच्या पेशी वाढवायच्या. स्तनाचा कर्करोग आजूबाजूच्या ऊतींमध्ये कसा घुसतो, याबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं या किचकट, थंडगार हस्तकौशल्यातून आलेलं आहे.

या जेलीचं बाजारातलं नाव मॅट्रिजेल. ती येते उंदरांच्या एका गाठीतून. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिंडा क्लाइनमन आणि जॉर्ज मार्टिन यांनी त्या गाठीतून लॅमिनिन, चौथ्या प्रकारचं कोलॅजन वगैरे प्रथिनांचं मिश्रण वेगळं काढलं. शरीरात दूधग्रंथींच्या पेशी ज्या पातळ आधारपटलावर उभ्या असतात, तेही मुख्यतः याच प्रथिनांचं बनलेलं असतं. निरोगी पेशी नीट वागावी म्हणून तिला गाठीतून काढलेली गादी द्यावी लागते, हा विरोधाभास जीवशास्त्रज्ञांनी कधीच पचवला आहे.

या गादीचं महत्त्व हट्टाने मांडणाऱ्या संशोधक म्हणजे मीना बिसेल. जन्म तेहरानचा, डॉक्टरेट हार्वर्डची, आणि १९७२पासून मुक्काम कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत. कर्करोग म्हणजे बिघडलेली जनुकं, एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होत असताना त्या विचारत होत्या की शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतील, तर नाकाची पेशी नाकासारखी आणि स्तनाची स्तनासारखी का वागते? १९८२मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलं की पेशीभोवतीची जाळी पेशीतल्या जनुकांना हुकूम देते आणि पेशीही उलट ती जाळी घडवते. पुरावा त्यांच्या बशांमध्ये होता. उंदराच्या दूधग्रंथीतल्या पेशी सपाट प्लास्टिकवर ठेवल्या की दूध बनवायचं विसरतात. जेलीत ठेवून योग्य संप्रेरकं दिली की गोल पोकळ मणी करून बसतात आणि आतल्या पोकळीत दुधाची प्रथिनं सोडतात.

पेशीला जेली कळते ती इंटिग्रिन नावाच्या रिसेप्टरमुळे. अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांची ही जोडी पेशीच्या पटलातून आरपार गेलेली असते. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा मिळून अशा २४ जोड्या होतात. बाहेरचं टोक लॅमिनिन किंवा कोलॅजन पकडतं. आतलं टोक टॅलिनसारख्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. काम नसलं की रेणू कमरेत वाकून बसतो, आतून इशारा आला की ताठ होतो आणि पकड घट्ट करतो. इशारे बाहेरून आतही जातात: वाढ, थांब, जग, मर. या रेणूंचा शोध आणि उलगडा यासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमथी स्प्रिंगर यांना २०२२चा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता १९९७चा प्रयोग. डेन्मार्कमधल्या एका स्त्रीच्या, कर्करोग नसलेल्या स्तनाच्या पेशींपासून एक कुळी तयार झाली होती. तिच्यातल्या काही पेशी पुढे प्रयोगशाळेत वाढता वाढता घातक बनल्या. म्हणजे साध्या आणि घातक, दोन्ही एकाच घराण्यातल्या. साध्या पेशी जेलीत थोड्या दिवसांत सुबक मणी करून वाढ थांबवत; घातक पेशींचा वेडावाकडा गोळा वाढतच राही. घातक पेशींवर बीटा-१ इंटिग्रिनचं प्रमाण जास्त होतं. व्हॅलरी वीव्हर आणि बिसेल यांच्या चमूने त्या इंटिग्रिनला अडवणारं प्रतिपिंड जेलीत घातलं, आणि घातक पेशी मणी करून बसल्या. वाढ थांबली. बिघडलेली जनुकं जशीच्या तशी होती. प्रतिपिंड काढून घेतलं की गोंधळ पुन्हा सुरू. अशा उपचार केलेल्या पेशी उंदरांना टोचल्या तेव्हा गाठी कमी आणि लहान झाल्या. पुढच्याच वर्षी त्याच चमूने दाखवलं की हे इंटिग्रिन आणि वाढीचा इशारा घेणारा ईजीएफ रिसेप्टर एकमेकांशी बांधलेले असतात, एकाला अडवलं की दुसराही घटतो, पण फक्त जेलीत. प्लास्टिकवर ही सांगड दिसतच नाही.

मग इंटिग्रिनला गुन्हेगार ठरवून मोकळं व्हावं? तसं करता येत नाही. निरोगी पेशीला दूध बनवायचा हुकूम मिळतो तोही बीटा-१मार्फतच; ते अडवलं तर दूध थांबतं.

पेशीला पेशीशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिनने तर अभ्यासकांना आणखी चकवलं. कॅल्शियम असेल तरच चिकटणाऱ्या या प्रथिनांच्या कुटुंबाचा माग जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी काढला. लोब्युलर प्रकारच्या स्तनकर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा नाहीसं झालेलं असतं. तिथे पेशी सुट्या होऊन मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागोमाग ऊतीत शिरतात, त्यामुळे ठळक गाठ हाताला लागत नाही आणि मॅमोग्राममध्येही ती हुकू शकते. यावरून नियम सोपा वाटला: जोड सुटला की घुसखोरी. पण जास्त आढळणाऱ्या डक्टल प्रकारात पेशी ई-कॅडहेरिन सांभाळूनच घुसतात, दूरवर पसरतातही. २०१९मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वीणा पद्मनाभन आणि अँड्र्यू एवाल्ड यांच्या चमूने डक्टल प्रकाराशी जुळणाऱ्या प्रारूपांमधून ते काढून टाकलं. घुसखोरी वाढली, पण दूरच्या अवयवांत रुजणाऱ्या गाठी घटल्या, कारण सुटलेल्या पेशी वाटेतच मरत होत्या. घुसणं आणि दुसरीकडे जाऊन संसार थाटणं ही दोन वेगळी कामं आहेत.

जेलीच्या कडकपणाची बाजू वीव्हर यांनी पुढे स्वतःच्या प्रयोगशाळेत लावून धरली. २००५मध्ये त्यांच्या चमूने दाखवलं की जेली कडक केली की इंटिग्रिन एकत्र गोळा होतात, पेशी ओढ लावते आणि मण्याची घडी विस्कटते. २००९मध्ये उंदरांत कोलॅजनचे धागे एकमेकांना टाके घालणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर अडवलं, तेव्हा ऊतीचा ताठरपणा आणि घुसखोरी दोन्ही कमी झाली. स्तनातली गाठ बोटांना टणक लागते, त्यात या कोलॅजनचा मोठा वाटा असतो.

औषधांचा हिशेब मात्र अजून जमत नाही. इंटिग्रिन अडवणारी नॅटालिझुमॅब आणि व्हेडोलिझुमॅब ही औषधं मल्टिपल स्क्लेरोसिस आणि आतड्यांच्या दाहात चालली, कारण तिथे पांढऱ्या पेशींना रोखायचं असतं. पण मेंदूच्या कर्करोगावर आजमावलेलं सिलेंगिटाइड हे इंटिग्रिनच अडवणारं औषध मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य वाढवू शकलं नाही. जेलीतही खोट आहे: तिची प्रत्येक खेप थोडी वेगळी निघते, आणि प्रथिनं अखेर उंदराचीच. म्हणून अनेक प्रयोगशाळा आता कृत्रिम जेलीकडे वळत आहेत, जिच्यात ताठरपणा आणि चिकटायच्या जागा हव्या तशा ठरवता येतात. रुग्णाच्या फायलीत या सगळ्यातलं जे नाव आज सर्रास भेटतं ते ई-कॅडहेरिनचं. डक्टल की लोब्युलर असा संशय आला की पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर त्याचं रंजन करून घेतात, आणि पेशींच्या कडांना तपकिरी रेघ उमटली की नाही ते पाहतात.