उन्हाळी सुट्टीतील इंग्रजी : गृहपाठ की स्वाध्याय?

विदर्भातील शाळांची उन्हाळी सुट्टी उर्वरित महाराष्ट्रापेक्षा लांबते. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. म्हणून अन्यत्र जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या, तरी येथील शाळांची घंटा जूनच्या उत्तरार्धातच वाजते. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील आंजी (मोठी) सारख्या गावात ही सुट्टी नेमकी दुकानाच्या हंगामात येते. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. त्यानंतर मृगाची चाहूल लागताच कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या बियाण्यांसाठी शेतकऱ्यांची रीघ लागते. अशा वेळी आठवी-नववीतील मुलगा किंवा मुलगी दुकानात हाताशी येते, वजन करते, पावती फाडते, गिऱ्हाइकाशी बोलते. व्यापारी घरातील हे शिक्षण मोलाचे आहे आणि ते थांबवण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो दप्तरातील इंग्रजीच्या वहीचा. सुट्टीचा गृहपाठ म्हणून पाच निबंध, चार पत्रे आणि धड्यांची प्रश्नोत्तरे दिलेली असतात. दीड महिना वही उघडली जात नाही. शाळा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी मार्गदर्शक समोर ठेवून, किंवा आता मोबाइलवर विचारून, सर्व मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवला जातो. वही पूर्ण होते, शेराही मिळतो. परंतु त्या वहीतील एकही वाक्य त्या मुलाचे नसते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही दहावीच्या उंबरठ्यावरील अनेक विद्यार्थ्यांना ‘आज दुकानात काय घडले’ हे चार इंग्रजी वाक्यांत सांगताना घाम फुटतो, याचे एक कारण या उसन्या वहीत आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ

पाठ्यपुस्तकात धड्याच्या शेवटी जे प्रश्न असतात, त्यांना मराठीत ‘स्वाध्याय’ म्हणतात. जैन परंपरेत हाच शब्द सहा आभ्यंतर तपांमध्ये गणला गेला आहे. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान ही ती सहा तपे. उपवास शरीराने घडतो. स्वाध्याय अंतःकरणाने करावा लागतो. म्हणूनच तो दुसऱ्याच्या वहीतून उतरवता येत नाही.

दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. मूळ ग्रंथ आणि त्याचा अर्थ ग्रहण करणे, शंका विचारणे, कळलेल्या अर्थाचे मनात चिंतन करणे, शुद्ध उच्चारांसह पुन्हापुन्हा म्हणणे आणि शेवटी ते दुसऱ्याला समजावून सांगणे, असा हा क्रम आहे. इंग्रजी कथेचे पुस्तक म्हणजे आगम नव्हे, दोहोंची बरोबरी करण्याचेही कारण नाही. मात्र कोणतीही विद्या आपलीशी करण्याची जी शिस्त आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, ती एका परक्या भाषेच्या अभ्यासाला लावून पाहण्यासारखी आहे.

‘वाण्याच्या मुलाला एवढे वाचन कशाला?’

ही शंका नवी नाही. आग्र्याचे जैन व्यापारी आणि कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले. भारतीय भाषांतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. तरुणपणी ते विद्येत रमले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना समजावले, की फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम. व्यापाऱ्याच्या मुलाने पेढीवर बसावे, अति वाचणाऱ्यावर भीक मागण्याची पाळी येते. आजही काउंटरवर पुस्तक उघडून बसलेल्या मुलाला जवळपास हेच ऐकावे लागते.

बनारसीदासांनी व्यापार सोडला नाही आणि वाचनही सोडले नाही. आग्र्यात व्यवहारात सारे बुडाले, तेव्हा ते रात्री कथाकाव्ये वाचून दाखवीत आणि दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याने कित्येक महिने त्यांना उधारीवर खाऊ घातले. हरवलेली रत्ने, फसलेले सौदे, स्वतःचे गुण आणि दोष हे सर्व त्यांनी लपवाछपवी न करता लिहून ठेवले. त्यांच्या काळातील असंख्य धनवान पेढ्यांचे आज नावही उरलेले नाही. तोट्यात गेलेल्या या व्यापाऱ्याचे जीवन मात्र जग वाचते. मुकुंद लाठ यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८१ मध्ये ‘हाफ अ टेल’ या नावाने प्रसिद्ध झाला. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना त्यातील निवडक भाग मोठ्यांच्या मदतीने वाचता येतील.

दुसरे उदाहरण वर्धा जिल्ह्याच्या अधिक जवळचे आहे. महात्मा गांधी १८९१ मध्ये विलायतेहून परतले, तेव्हा मुंबईत त्यांची श्रीमद् राजचंद्र यांच्याशी भेट झाली. श्रीमद् हिऱ्या-मोत्यांचे व्यापारी आणि शतावधानी होते. गांधीजींनी आपल्याला येत असलेल्या युरोपीय भाषांतील शब्दांचा साठा संपेपर्यंत शब्द सांगितले. श्रीमदांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. परंतु गांधीजी नमूद करतात, की या स्मरणशक्तीने ते मोहित झाले नाहीत. त्यांना ओढून घेतले ते श्रीमदांच्या शास्त्रज्ञानाने, निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. श्रीमदांच्या पेढीवर एखादा धर्मग्रंथ आणि रोजनिशी नेहमी असे; सौदा संपला की ग्रंथ किंवा रोजनिशी उघडली जाई.

पाठांतर आणि आकलन यांतील फरक मुलांना दाखवण्यास याहून चांगला प्रसंग शोधूनही सापडणार नाही. गांधीजींच्या आत्मकथेतील हे प्रकरण मोजक्या पानांचे आहे. तिचा इंग्रजी अनुवाद महादेवभाई देसाई यांनी केला आणि महादेवभाईंची कुटी सेवाग्राम आश्रमात आजही उभी आहे. सुट्टीतील पहिले इंग्रजी वाचन म्हणून आंजीच्या मुलाने हे प्रकरण घ्यावे आणि एखाद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, ती कुटी पाहून यावे. पुस्तकातील इंग्रजी मग दूरची राहत नाही.

काय वाचावे?

सुट्टीत दहा पुस्तकांची यादी नको. एक पूर्ण पुस्तक आणि दोन-तीन कथा पुरेत. आठवी-नववीसाठी आर. के. नारायण यांची १९३५ मधील ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी योग्य आहे. तिच्यात वडील छोट्या स्वामीला आंब्यांच्या किमतीचे गणित घालतात. दहा आंब्यांचे पंधरा आणे, तर चार आंब्यांचे किती? स्वामीला आधी हे जाणून घ्यायचे असते, की आंबे पिकलेले आहेत की कच्चे. वडील चिडतात. परंतु दुकानात बसणाऱ्या कोणत्याही मुलाच्या लक्षात येईल, की स्वामीचा प्रश्न गणिताच्या पुस्तकात चुकीचा असला तरी बाजारात अगदी बरोबर आहे.

रस्किन बाँड यांची ‘द बॉय हू ब्रोक द बँक’ ही कथा तर प्रत्येक व्यापारी घरात वाचली जावी. पगार वेळेवर न मिळाल्याची कुरकूर एक झाडूवाला मुलगा सहज बोलून दाखवतो. तोंडातोंडी ती वाढत जाते आणि बघता बघता सेठ गोविंदराम यांच्या बँकेवर ठेवीदारांची झुंबड उडते. पत कशी जमते यावर आपल्याकडे खूप बोलले जाते; ती एका अफवेने कशी मोडते, हे ही कथा काही पानांत दाखवते.

पाच अंगांचा उन्हाळा

वाचना रोज अर्धा तास असावी, सकाळी दुकान उघडण्यापूर्वी. प्रत्येक अडलेला शब्द शब्दकोशात पाहण्याची गरज नाही. ज्याच्यावाचून गोष्ट पुढे समजत नाही, तेवढाच पाहावा.

पृच्छना म्हणजे मुलाने प्रश्न काढायचे; पुस्तकातील प्रश्नांची उत्तरे शोधायची नव्हेत. ‘या माणसाने असे का केले?’ असा एक प्रश्न रोज वहीत इंग्रजीत लिहावा. शिक्षक दूर असले, तरी प्रश्न साठवून ठेवता येतात.

अनुप्रेक्षा म्हणजे लेखन. येथेच व्यापारी घराची जुनी सवय कामी येते. ज्या घरात दिवसाचा हिशेब रोजमेळात उतरवल्याशिवाय दिवा मालवत नसत, त्या घरातील मुलाला रोज आठ-दहा ओळी लिहिणे जड नाही. विषय समोरच आहेत. बियाण्याचे वाण निवडताना शेतकऱ्याने काय विचारले, उधारी नाकारताना वडिलांनी कोणते शब्द वापरले, लग्नाचा बस्ता बांधताना कोणाचे मत चालले, भाव सांगण्यात चूक झाली तेव्हा कोणी सावरून घेतले. अशा नोंदी मार्गदर्शकात छापलेल्या नसतात, म्हणून त्या उतरवताही येत नाहीत. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत पत्र, भाषण, बातमी किंवा मत-प्रतिमत लिहावे लागते. स्वतःचे म्हणणे मांडण्याची सवय असलेल्याला ते अवघड जात नाही. गिऱ्हाइकाचे नाव आणि त्याचा व्यवहार मात्र वहीत येऊ नये. पेढीची मर्यादा लेखनातही पाळावी.

आम्नाय म्हणजे मोठ्याने वाचन. इंग्रजीच्या स्पेलिंगवरून उच्चार कळत नाही. कान आणि जीभ तयार व्हावी लागते. एकच परिच्छेद आठवडाभर रोज मोठ्याने वाचला, तर सातव्या दिवशी अडखळणे आपोआप कमी होते.

धर्मोपदेश म्हणजे येथे दुसऱ्याला सांगणे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरात उन्हाळ्याची संध्याकाळ मोठी असते. वाचलेली इंग्रजी गोष्ट मुलाने त्या वेळी आजीला मराठीत, अथवा घरात जी बोली असेल तिच्यात सांगावी. आजीला इंग्रजी येत नाही ही येथे अडचण नाही; तेच तर या अंगाचे बळ आहे. न समजलेले वाक्य मराठीत सांगता येत नाही, आणि आजीचा ‘मग पुढे काय झाले?’ हा प्रश्न कोणत्याही परीक्षेपेक्षा कठोर असतो. आई-वडिलांना इंग्रजी येत नसेल, तरी मुलाचा अभ्यास कसा पाहावा याचे उत्तर येथेच आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच भरलेल्या शिक्षण परिषदेत ‘नई तालीम’चा विचार मांडला गेला. मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिक्षण, हे त्याचे सूत्र होते. दुकानातील कामावर लिहिणे आणि इंग्रजीतले मराठीत सांगणे ही त्या सूत्राची घरगुती अंमलबजावणी ठरेल. इंग्रजी शिकताना मराठी सुटली पाहिजे असे नाही. उलट एका भाषेची वीण पक्की असेल, तर दुसरीचा धागा तीत बसतो.

चुका आणि लाल शाई

सुट्टीच्या वहीत लाल शाई शक्यतो नसावी. काळ चुकला, शब्दाचे स्पेलिंग चुकले, तरी वाक्य मुलाचे आहे. आठवड्यातून एकदा एकच चूक निवडून ती सुधारावी. पानाचे छायाचित्र काढून नातेवाइकांच्या समूहावर टाकण्याचा मोह टाळावा. दाखवण्यासाठी लिहिणारे मूल लवकरच पुन्हा उसनी वाक्ये शोधू लागते. वडिलांनी इंग्रजीत आलेली एखादी नोटीस किंवा कंपनीचे पत्र मुलाला वाचायला द्यावे आणि त्याचा आशय विचारावा. आपले वाचन घराच्या उपयोगी पडते, हे कळल्यावर त्याला वेगळ्या बक्षिसाची गरज उरत नाही.

१८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडण्यासाठी वीरचंद राघवजी गांधी गेले, तेव्हा ते ३० वर्षांचेही नव्हते. जैन विचार पाश्चात्त्य श्रोत्यांना त्यांनी स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीतून समजावून दिला. प्रत्येक मूल शिकागोला जाणार नाही. पण पुढे नागपूर-पुण्याला शिकताना, परप्रांतीय व्यापाऱ्याला पत्र लिहिताना, ‘तुम्ही कंद का खात नाही?’ असे कोणी कुतूहलाने विचारल्यावर उत्तर देताना, त्याला स्वतःचे वाक्य लागणारच आहे.

जूनअखेरीस आंजीच्या शाळेत वह्या तपासायला जातील, तेव्हा एखादी वही कमी पानांची आणि अधिक चुकांची असेल. ती स्वाध्यायाची असेल, तर शिक्षकांना ती वेगळी ओळखू येईल.