बासरी वाजेल, पण कुठून?

संध्याकाळी सातच्या सुमारास पुण्याच्या नळस्टॉप चौकात ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आला, की पहिली काही सेकंदं रस्त्यावर काय होतं ते एकदा नीट बघावं. बाजूला कोणीच सरकत नाही. आधी माना हलतात. हेल्मेटवाला डावीकडे बघतो, मग उजवीकडे, मग आरशात. रिक्षावाला डोकं बाहेर काढून मागे पाहतो. काचा बंद करून एसीत बसलेला मोटारवाला गाणं बारीक करतो आणि पुढच्या गाडीच्या डिकीकडे बघत राहतो. सायरन सगळ्यांना ऐकू येत असतो, पण तो येतोय कुठून हे कोणालाच सांगता येत नाही. तेवढ्यात सिग्नल सुटतो, सगळे पुढे घुसतात आणि लॉ कॉलेज रस्त्याच्या तोंडाशी अडकलेली ॲम्ब्युलन्स तिथेच भोंगा वाजवत राहते.

याला बेशिस्त म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे रीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंडही आहे. बेशिस्त असतेच, पण त्या हलणाऱ्या माना बेशिस्तीच्या नसतात. त्या शोधाच्या असतात.

रस्ते वाहतूक मंत्री म्हणून नितीन गडकरींनी मांडलेल्या हॉर्नच्या कल्पनेकडे या मानांच्या बाजूने बघायला हवं. वाहनांच्या हॉर्नमध्ये बासरी, तबला, व्हायोलिन, हार्मोनियम अशा वाद्यांचेच आवाज असावेत असा कायदा करायचा विचार असल्याचं त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकला सांगितलं, २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा सांगितलं. नाशिकला त्यांनी ॲम्ब्युलन्ससाठी आकाशवाणीची ती पहाटेची धून सुचवली होती. ही धून वॉल्टर कॉफमन या युरोपातून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराची. तिच्या आठवणीने आजही कित्येकांना सकाळचा चहा आठवतो. दोन्ही वेळा वाद झाला तो गोड की कर्कश एवढ्यावरच. थट्टा करणारे आणि टाळ्या वाजवणारे, दोघेही कानाबद्दल बोलत होते. आवाजाची दिशा ठरवणं हे मात्र कानाचं काम नाही, ते मेंदूचं आहे. डोळ्याच्या पडद्यावर निदान जगाचं चित्र उमटतं. कानाच्या पडद्यावर दिशा नावाची गोष्टच उमटत नाही. ती मेंदूला गणित करून काढावी लागते.

या गणिताची पहिली नीट मांडणी लॉर्ड रॅले यांची. आकाश निळं का दिसतं हे सांगणारे, १९०४ चं नोबेल मिळवणारे तेच रॅले. इंग्लंडमधल्या आपल्या हिरवळीवर ते डोळे मिटून उभे राहत, भोवती माणसं उभी करत आणि आवाज कुठून आला ते सांगत. कोणी बोललं तर दिशा बिनचूक येई. नादकाटा वाजवला तर डावा-उजवा कळे, पण पुढचा की मागचा याचा पत्ता लागत नसे. हा गोंधळ लक्षात ठेवावा, नळस्टॉपला तो पुन्हा भेटणार आहे.

१९०७ मध्ये रॅलेंनी दोन खुणा सांगितल्या. खालच्या पट्टीतला आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला जरा उशिरा. वरच्या पट्टीतल्या आवाजाला डोकं आडवं येतं आणि पलीकडच्या कानावर त्याची सावली पडते, म्हणजे तिथे तो हळू ऐकू येतो. पहिली खूण थक्क करणारी आहे. आवाज अगदी बाजूने आला तरी दोन कानांत फरक पडतो तो जास्तीत जास्त सेकंदाच्या साधारण सात दशसहस्रांशाचा. चांगल्या कानाच्या माणसाला सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका फरकसुद्धा जाणवतो. मज्जापेशीचा एक ठोका पडायलाच सेकंदाचा हजारावा भाग लागतो. पळ मोजणारं घड्याळ हातात घेऊन त्याच्या शंभराव्या हिश्शाची चोरी पकडावी, तसला हा प्रकार. तो चालतो मेंदूच्या देठात, ऑलिव्हच्या फळासारख्या दिसणाऱ्या पेशींच्या पुंजक्यात.

या दोन खुणांमध्ये एक खिंड आहे. सुमारे दीड हजार हर्ट्झच्या वर शुद्ध सुरासाठी पहिली खूण लुळी पडते आणि दुसरी अजून नीट जागी झालेली नसते. हार्वर्डच्या स्टीव्हन्स आणि न्यूमन यांनी १९३६ मध्ये भिंतींचे प्रतिध्वनी टाळायला माणसाला गच्चीवर उंच खुर्चीत बसवून हे तपासलं. सर्वांत जास्त चुका तीन हजार हर्ट्झच्या आसपास झाल्या. आता नेहमीचा सायरन घ्या. त्याचा चढ-उतार बव्हंशी पाचशे ते दीड-पावणेदोन हजार हर्ट्झमधला. डावं-उजवं कसंबसं कळतं, वरच्या टोकाला तेही डळमळतं. आणि पुढचं-मागचं? त्यासाठी दोन्ही खुणा निरुपयोगी, कारण समोरचा आणि पाठीमागचा आवाज दोन्ही कानांवर एकाच वेळी, एकाच जोराने येतो.

तिथे कामाला येते कानाची पाळी. तिच्या वळ्या-घड्या वरच्या पट्टीतला आवाज दिशेप्रमाणे वेगवेगळा गाळतात आणि मेंदूला ती गाळणी पाठ असते. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये काही जणांच्या कानांच्या वळ्यांत साचे बसवून पाठच बिघडवला. आवाज वरून की खालून, हे त्यांना कळेनासं झालं. काही आठवड्यांत मेंदू नवा कान शिकला. गंमत म्हणजे साचे काढल्यावर जुना पाठही तिथल्या तिथे परत आला, पहिली भाषा विसरली जात नाही तसा. हेल्मेट पाळी झाकतं, हे इथे सांगायला हवं. हेल्मेट काढा असा त्याचा अर्थ नाही. सायरनमध्ये वरच्या पट्टीचं फारसं काही नसेल तर उघड्या पाळीलाही गाळायला काही मिळत नाही, एवढाच अर्थ.

घरात शिरलेला रातकिडा आठवा. फ्रिजमागे वाटतो, फ्रिज सरकवला की कपाटात वाटतो. त्याचा सूर जवळजवळ शुद्ध, एकाच पट्टीचा, आणि भिंतींवर आपटून चहूकडून येणारा. पण अमेरिकेत ऑर्मिया ऑक्रेशिया नावाची एक माशी आहे, तिला रातकिडा अंधारात अचूक सापडतो. गाणाऱ्या नराच्या अंगावर ती आपल्या अळ्या सोडते आणि अळ्या त्याला आतून खातात. तिच्या दोन कानांत अंतर अर्धा मिलिमीटर. म्हणजे वेळेतला फरक सेकंदाच्या दशलक्षांशात मोजायचा. यासाठी तिने मेंदूवर भार टाकलेलाच नाही. तिचे दोन्ही कानपडदे एका ताठ दुव्याने जोडलेले आहेत, बागेतल्या सी-सॉसारखे. एक बाजू आधी दबली की फरक यंत्रानेच मोठा होतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉन हॉय आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ही माशी दोन अंशांपर्यंत दिशा ओळखते. म्हणजे जवळजवळ माणसाच्या बरोबरीने.

या शास्त्राचा खरा नायक मात्र घुबड आहे. आपल्याकडे पडक्या वाड्यांत आणि गोदामांत राहणारं, बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचं गव्हाणी घुबड. ते दिसलं की लोक अजूनही दगड शोधतात, आणि दिवाळीला त्याच्यावर बसून येणाऱ्या लक्ष्मीची पूजाही करतात. पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे नाव झालेल्या रॉजर पेन यांनी आधी दाखवलं होतं, की मिट्ट काळोखातही हे घुबड फक्त कानावर उंदीर पकडतं. दोरीने ओढलेल्या कागदाच्या बोळ्याच्या सळसळीवरही झडप घालतं. वास नाही, ऊब नाही, निव्वळ आवाज.

मासाकाझू कोनिशी या क्योटोत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने हे घुबड उचललं आणि कॅलटेकमध्ये तिसरा डोळा उघडावा तसं त्याच्या मेंदूत डोकावून पाहिलं. एरिक नुडसन त्यांच्याबरोबर होते. खोली अशी बांधलेली, की भिंतीवरून आवाज परतू नये. मधोमध घुबड, त्याच्या मध्यमेंदूत केसाहून बारीक विद्युततार, आणि डोक्याभोवती अर्धगोलाकार रुळावर फिरणारा एक छोटा स्पीकर. स्पीकर हळूहळू सरकतोय, पेशी गप्प. आणखी सरकतोय, गप्प. मग एका जागी पेशी तडतडायला लागते. जरा पुढे गेला की पुन्हा गप्प. तार किंचित सरकवून दुसरी पेशी धरावी, तर तिची जागा शेजारची. १९७८ मध्ये त्यांनी छापलं, की घुबडाच्या मेंदूत आवाजांच्या जागांचा चक्क नकाशा आहे. डोळ्याच्या बाबतीत असा नकाशा बाहेरून आयता मिळतो. इथे तो कुठूनही मिळालेला नव्हता, पेशींनी मोजून काढलेला होता. उंचीसाठी घुबडाची युक्ती वेगळीच. त्याच्या कानांची भोकं वरखाली असतात, एक वरच्या आवाजाला जास्त तिखट, दुसरं खालच्या. त्यामुळे आवाजाच्या जोरातला फरक त्याला उंची सांगतो, वेळेतला फरक डावं-उजवं.

१९४८ मध्ये लॉइड जेफ्रेस यांनी कागदावर एक यंत्र कल्पिलं होतं. दोन कानांकडून येणारे तंतू वेगवेगळ्या लांबीचे, मध्ये पेशींची रांग, आणि जिथे दोन्हीकडचे ठोके एकाच क्षणी पोचतील ती पेशी पेटणार. कोनिशी आणि कॅथरीन कार यांना नकाशानंतर दहा वर्षांनी, १९८८ च्या सुमारास, घुबडाच्या मेंदूत अगदी तसेच लांब-आखूड तंतू सापडले. चाळीस वर्षांपूर्वीचं चित्र पेशींत उतरलेलं पाहायला मिळणं मज्जाशास्त्रात फार विरळा. इतकं देखणं उत्तर मिळाल्यावर पाठ्यपुस्तकं पुढची पायरी न विचारता चढली: घुबडाचं जे, तेच माणसाचं.

तसं नाही. मे २०२४ मध्ये सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातल्या डेव्हिड मॅकअल्पाइन यांच्या गटाने माणसांचा आणि ऱ्हीसस माकडांचा अभ्यास छापला तेव्हा बातम्या झळकल्या, ७५ वर्षांचा सिद्धांत मोडीत. मथळ्याला तेवीस वर्षांचा उशीर झाला होता. याच मॅकअल्पाइन यांनी २००१ मध्ये गिनीपिगच्या मेंदूत पाहिलं होतं, की पेशींची रांगबिंग फारशी नाही. बऱ्याच पेशींना सर्वांत आवडणारा वेळ-फरक त्या प्राण्याच्या डोक्याच्या मापात बसतच नाही. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या बेनेडिक्ट ग्रोथे यांच्या गटाने जर्बिलमध्ये लांब-आखूड तंतूंऐवजी पेशींना दाबणारे संदेश वेळ जुळवतात असं दाखवलं. त्यातून उभं राहिलेलं चित्र नकाशाचं नाही, तागडीचं आहे. डाव्या मेंदूचं पारडं किती खाली गेलं, उजव्याचं किती, यावरून दिशा ठरते. पेशी कमी लागतात, ऊर्जा कमी लागते. तागडीचा काटा मध्याजवळ सर्वांत तल्लख असतो. आपलीही दिशेची जाण नाकासमोर सर्वांत बारीक असते, तिथे एका अंशाचाही फरक कळतो, कडेला मात्र ती बोथट होते.

म्हणून माना हलतात. काटा मध्याशी आणायचा तर डोकं आवाजाकडे वळवावं लागतं. पुढचं-मागचं ओळखायचीही हीच वाट, हे हान्स वॉलाख यांनी १९४० मध्येच दाखवलं होतं: मान उजवीकडे वळवल्यावर आवाज डाव्या कानाकडे सरकला तर तो समोर, उजव्याकडे सरकला तर मागे. नळस्टॉपचा हेल्मेटवाला हा प्रयोगच करत असतो. त्याला तो पुरा करायला वेळ नसतो, शिवाय डोळे मध्ये येतात. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या मांडीवर अर्धवटरावाचा जबडा हलला, की आवाज बाहुल्याच्या तोंडातूनच येतो असं मेंदू ठरवून टाकतो. चौकात तसंच, जिकडे काही लुकलुकताना दिसलं तिकडे सायरन.

उपाय आहे, आणि तो साधा आहे. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात डेबोरा विदिंग्टन यांनी १९९० च्या दशकात चालकांना सिम्युलेटरमध्ये बसवून नेहमीचे सायरन ऐकवले आणि पुढून की मागून यात त्यांची वारंवार फसगत होताना पाहिली. त्यांनी सुचवलं, की सायरनमध्ये मधूनमधून सर्व पट्ट्या एकदम असलेला खरखरीत आवाज मिसळा, म्हणजे वेळ, जोर आणि पाळी या तिन्ही खुणांना काम मिळेल. परदेशात मागे येणाऱ्या ट्रकमधून टीं-टीं ऐवजी खस्स-खस्स ऐकू येतं, ते याच विचाराचं. ऐकायला रेडिओची खरखर, पण मागून येतोय हे लगेच कळतं.

या कसोटीवर गडकरींची वाद्यं लावली तर निकाल मजेशीर लागतो. बासरीचा सूर शुद्धाच्या जवळचा. दिशेच्या बाबतीत ती रातकिड्याची मावसबहीण. हार्मोनियम बरा, त्यात वरचे स्वरांश भरपूर. व्हायोलिनही बरं. तबल्याची टाचणीसारखी टोकदार ‘ना’ मात्र उत्तम, कारण मेंदू आवाजाच्या सुरुवातीवर सर्वांत जास्त विश्वास ठेवतो आणि थापेत सगळ्या पट्ट्या क्षणभर एकत्र फुटतात. आकाशवाणीची धून या हिशेबात सपशेल नापास. लांब ओढलेले, हळूहळू उमलणारे सूर, दोन्हीकडे काँक्रीटच्या इमारती, आणि कोपऱ्याआडून ॲम्ब्युलन्सच्या आधी पोचणारा तिचा प्रतिध्वनी. मेंदू पहिल्या आलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. कोपऱ्याआड तो पहिला आवाजच भिंतीवरून आलेला असतो.

कायद्याचा मसुदा करणाऱ्यांनी रॅलेंची हिरवळ एकदा पुण्यात मांडावी. एखादं रिकामं मैदान, गोलात ठेवलेले डझनभर स्पीकर, हेल्मेट घातलेले वीसेक दुचाकीस्वार, शेजारी काचा बंद केलेल्या चार मोटारी. एका दुपारचं काम. तबलजीला बोलवावं, खरखरीचं यंत्र आणावं. बासरीवालाही यावा, चहाच्या वेळी लोक ऐकतील.