नवे टायर आणि ओढणारी गाडी

मोटारीला नवे टायर चढविले म्हणजे ती पूर्वीपेक्षां सरळ व सुखानें चालावी, अशी मालकाची अपेक्षा असते आणि ती वावगी नाहीं. पण पुष्कळदां घडतें तें उलटेंच. दुकानांतून बाहेर पडून गाडी मोठ्या रस्त्याला लागते न लागते तोंच ती एका बाजूस ओढूं लागते. स्टिअरिंगवरचा हात जरा सैल झाला कीं ती आपली वाट सोडते. मालक परत येतो, दुकानदार ‘अलाइनमेंट करून घ्या’ म्हणून सांगतो, पैसे मोजले जातात, यंत्राच्या पडद्यावर आंकडे हिरव्या रंगांत झळकतात, आणि गाडी ओढते ती ओढतेच. रोगाचें निदान होण्यापूर्वींच औषध दिलें गेल्याचा हा परिणाम होय. यांत केवळ पैशाचीच हानि आहे असें नाहीं. ओढणाऱ्या गाडीला सरळ धरून ठेवणारा हात दोन तासांत थकतो. आणि बोरघाटाच्या उतारावर, भर पावसांत, थकलेल्या हाताचा भरंवसा धरणें शहाणपणाचें नाहीं.

प्रथम गाडी खरोखर ओढते काय, हें ठरविलें पाहिजे. पावसाचें पाणी वाहून जावें म्हणून साधा डांबरी रस्ता मध्यावर किंचित् उंच व कडांकडे उतरता केलेला असतो. हा उतार साधारणतः १०० फुटांस २ ते २॥ फूट असतो. भारतांत वाहनें डाव्या बाजूनें चालतात, तेव्हां गाडीचा कल सदैव डावीकडे राहतो. तिनें अंमळ डावीकडे सरकणें हा गाडीचा नव्हे, रस्त्याचा गुण. त्याच रस्त्यानें परत येऊन पाहिलें म्हणजे शंका फिटेल, असें पुष्कळांस वाटतें. परंतु परततांनाहि गाडी डाव्याच अंगाला असते, त्यामुळें उतार कांहीं बदलत नाहीं. परतीच्या फेरीनें कळतो तो फक्त वाऱ्याचा जोर. परीक्षेस योग्य जागा म्हणजे मोकळें सपाट मैदान, अथवा पहांटेचा असा निर्जन रस्ता, कीं जेथें दूरवर दिसतें आणि गाडी क्षणभर मध्यावरून नेतां येते. वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर पुरे. हात स्टिअरिंगवर हलके ठेवावे, सोडूं मात्र नयेत. गाडी उजवीकडे ओढत असेल, तर बिचाऱ्या रस्त्याला दोष देण्याची सोयच उरत नाहीं.

यानंतर हवा. ही गोष्ट इतकी साधी आहे, कीं बहुधा तिच्याकडेच दुर्लक्ष होतें. पुढील एका टायरमध्यें ३२ पौंड आणि दुसऱ्यांत २५ पौंड हवा असेल, तर कमी हवेचा टायर अधिक दबतो, त्याला रस्त्यावरून लोटण्यास जास्त जोर लागतो, आणि गाडी त्याच बाजूस वळते. नवा टायर रिमवर घट्ट बसावा म्हणून दुकानांत आधीं जास्त हवा भरतात व मग ती उतरवितात. त्या घाईंत सगळीं चाकें सारखीं राहतीलच असें नाहीं. हवा टायर गार असतांना मोजावी. ती किती असावी हें बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत छापलेलें असतें. टायरच्या कडेवर कोरलेला आंकडा कमाल मर्यादेचा असतो. त्यावरून हवा भरूं नये.

हवा सारखी करूनहि गाडी ओढत असेल, तर संशय टायरवर घ्यावा. टायर नवा आहे एवढ्यानेंच तो निर्दोष ठरत नाहीं. आज मोटारींना रेडिअल टायर असतात. ही रचना फ्रान्समधील मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं पेटंटासाठीं नोंदविली व १९४९ पासून ती बाजारांत आली. हींत टायरच्या अंगांतील दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले असतात, आणि जमिनीला लागणाऱ्या भागाखालीं पोलादी तारांचे पट्टे कमरपट्ट्यासारखे वेढलेले असतात. हा कमरपट्टा कारखान्यांत किंचित् एका अंगास सरकून बसला, तर टायरची एक बाजू दुसरीपेक्षां ताठ होते, आणि डोळ्यांना अगदीं सरळ दिसणारा तो टायर रस्त्यावर मात्र निमुळत्या वस्तूसारखा वागतो. घरांतील पेला आडवा करून फरशीवर लोटला तर तो सरळ जात नाहीं. बुडाच्या, म्हणजे अरुंद बाजूच्या, अंगाला वळत वर्तुळ काढतो. निमुळता टायर तेंच करूं पाहतो. फक्त त्याला गाडीशीं जखडलेलें असल्यामुळें तो स्वतः न वळतां गाडीला ओढतो.

प्रीमिअर पद्मिनीच्या काळांतील क्रॉस-प्लाय टायरांत असा पोलादी कमरपट्टा नसे. त्या टायरांवर हात बसलेला एखादा जुना मिस्त्री आजहि टायरला सोडून आधीं सस्पेन्शन खोलावयास निघतो, तो यामुळेंच. त्याचा अनुभव खोटा नाहीं. टायर बदलले आहेत.

या दोषाची परीक्षा फार सोपी आहे. पुढचें डावें चाक उजवीकडे आणि उजवें डावीकडे लावावें. चाक रिमसकट बदलावयाचें असल्यानें टायर उतरविण्याचें कारण नाहीं. एकच जॅक असेल तर मधल्या वेळापुरती स्टेपनी चढवावी. सपाट जागा, ओढलेला हातब्रेक आणि मागील चाकांना लावलेले दगड, एवढी काळजी मात्र हवी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. टायरच्या कडेवर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असेल, तर ही अदलाबदल चालणार नाहीं. तेथें पुढील व मागील टायर एकाच मापाचे असल्यास त्याच बाजूचें मागील चाक पुढें आणून पाहावें.

पुढचीं चाकें अशीं बदलून पुन्हां त्याच जागीं गाडी चालवावी. आतां ती दुसऱ्या बाजूस ओढूं लागली, तर अपराधी सांपडला: दोष टायरांत आहे, गाडींत नाहीं. तो दोहोंपैकीं कोणत्या टायरांत, हें मागील चाक एकेका जागीं लावून कळतें. असा टायर दुकानदारास परत देऊन बदलून मागणें रास्त आहे. तो बदलून मिळेपर्यंत मागें लावला तरी चालतें, कारण मागील चाकें स्टिअरिंगला जोडलेलीं नसतात व तेथें त्याचा उपद्रव क्वचितच जाणवतो. ओढ पूर्वीच्याच बाजूस राहिली, तर बहुधा दोष गाडींत आहे. ‘बहुधा’ म्हणण्याचें कारण असें, कीं पट्ट्यांतील तारा तिरप्या असल्यामुळें प्रत्येक टायरला आणखी एक बारीकशी ओढ असते. ती चाक कोणत्याहि बाजूस लावलें तरी एकाच दिशेस राहते आणि टायरच्या जातीप्रमाणें बदलते. ओढ अगदीं नाहींशी झाली, तर टायर व गाडी दोहोंचेहि दोष सारखे असून ते आतां एकमेकांस मारीत आहेत, असें समजावें.

आतां अलाइनमेंटविषयीं. हें नांव एक असलें तरी त्यांत तीन निरनिराळीं मापें आहेत. समोरून पाहतां चाक आंत वा बाहेर किती कललें आहे तें कॅम्बर. बाजूनें पाहतां चाक वळविणारा आंस किती मागें कललेला आहे तें कॅस्टर. आणि वरून पाहतां दोन चाकांचीं तोंडें एकमेकांकडे किती वळलीं आहेत तो टो. गाडी ओढते ती मुख्यतः पहिल्या दोहोंत डावी-उजवी सारखी नसल्यामुळें. पुढील चाकांचा टो बिघडला तर टायर झपाट्यानें झिजतात, स्टिअरिंग वांकडें उभें राहतें, पण गाडी सहसा ओढत नाहीं. आणि गंमत अशी, कीं पुष्कळ लहान गाड्यांत पुढें फिरवून नीट करतां येतो तो टोच! कॅम्बर व कॅस्टर कारखान्यांतून येतात तसेच राहतात. ते बिघडले असतील तर खड्ड्यांत आदळून कोठेंतरी एखादा भाग वांकला आहे, असा त्याचा अर्थ. तो बदलल्याखेरीज यंत्रासमोर गाडी दहा वेळां उभी करून कांहीं होणार नाहीं. म्हणून गॅरेजवाल्याकडून आधींचे व नंतरचे आंकडे कागदावर मागून घ्यावे आणि डावी-उजवी जुळवून पाहावी. बॅलन्सिंगचा तर येथें संबंधच नाहीं. तें बिघडलें तर स्टिअरिंग थरथरतें, गाडी ओढत नाहीं.

कधीं कधीं टायर बदलणें हें निमित्तमात्र असतें. जुना, वांकडा झिजलेला टायर गाडीच्या मूळ ओढीस उलट बाजूनें तोलून धरीत असतो. तो निघाला कीं झांकलेला दोष उघडा पडतो. ब्रेकचेंहि तसेंच. थोडें अंतर जाऊन थांबावें आणि पुढील दोन्ही चाकांजवळ, धातूस न लावतां, हात न्यावा. एका चाकाची धग स्पष्टपणें अधिक असेल, तर त्याचा ब्रेक पुरता सुटत नाहीं. गाडी केवळ ब्रेक दाबतांनाच ओढत असेल, तर टायरकडे न वळतां तडक ब्रेक तपासावे.

धांवत्या गाडीस एकाएकीं ओढ लागली, तर मात्र परीक्षेच्या भानगडींत न पडतां गाडी हळूहळू कडेला घ्यावी: हवा जात असेल, किंवा नट सैल झाले असतील. चाक काढून पुन्हां लावल्यावर ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली, कीं सर्व नट, एकामागून एक न घेतां समोरासमोरचे घेत, पान्यानें पुन्हां एकदां तपासून घ्यावे.