मौल्यवान रत्ने आणि उपरत्ने

हिरा, माणिक, नीलम आणि पाचू यांना मौल्यवान मानून उरलेल्या खड्यांना उपरत्ने म्हणण्याची जी प्रथा पाश्चात्त्य बाजारपेठेत रूढ झाली, तिला खनिजशास्त्राचा आधार फारसा नाही. पाचू आणि अ‍ॅक्वामरीन ही बेरिल या एकाच खनिजाची रूपे असून, क्रोमियम किंवा व्हॅनेडियमच्या अल्प अंशाने पहिल्याला गर्द हिरवा आणि लोहाच्या अंशाने दुसऱ्याला फिकट निळा रंग येतो. तरीही अ‍ॅक्वामरीनची गणना उपरत्नांतच होते. काठिण्य, म्हणजे ओरखड्याला विरोध करण्याची क्षमता, ही कसोटीही टिकत नाही, कारण मोस मापश्रेणीवर टोपाझ 8 वर, तर पाचू 7.5 ते 8 च्या दरम्यान येतो.

दुर्मिळता आणि मागणी यांनीच ही प्रतवारी घडवली. लोहाच्या अंशाने जांभळे झालेले क्वार्ट्‌झ, म्हणजेच अ‍ॅमेथिस्ट, युरोपात पूर्वी अत्यंत मोलाचे मानले जाई. 19व्या शतकात ब्राझीलमध्ये त्याचे विपुल साठे हाती लागले आणि त्याचा भाव उतरला.

स्पिनेलवर तर या प्रतवारीने अन्यायच केला आहे. ब्रिटनच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ हे वस्तुतः लाल स्पिनेल आहे. माणकाप्रमाणेच त्याचा रंग क्रोमियममुळे येतो. मात्र माणकात शिरलेला प्रकाशकिरण सामान्यतः दुभंगतो, तर स्पिनेलमधून तो एकसंध जातो, आणि रत्नपारखी आजही या फरकावरून दोन्ही खडे वेगळे ओळखतात.