वेग नेमका कुठे अडतो? : लिनक्सवरील बाह्य ड्राइव्ह आणि वेगवान पोर्ट (लेखांक ९)

ड्रोनने पिकाची पाहणी करावयाची म्हणजे एकाच शेताची शेकडो छायाचित्रे, लगतची दोन एकमेकांवर सत्तर-ऐंशी टक्के चढतील अशा बेताने, घ्यावी लागतात आणि ती जोडून सलग नकाशा तयार करावा लागतो. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ड्रोनच्या शेतीतील वापरावर संशोधन होत आले असून, अशा कामात जमणारी माहिती संगणकाच्या अंगच्या डिस्कवर मावेनाशी होते. मग ती बाह्य ड्राइव्हवर न्यावी लागते, आणि लिनक्सवर काम करणाऱ्याची खरी परीक्षा तेथे सुरू होते.

जोडणीतील सर्वात संथ दुवा साऱ्या जोडणीचा वेग ठरवतो. मुळा कालव्याला कितीही पाणी असले तरी शेताला चारी नेईल तेवढेच मिळते, तसाच हा प्रकार आहे. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असून, आठ बिटांचा एक बाइट धरला आणि व्यवहारातील घट वजा केली, तर हाती सुमारे ३५ मेगाबाइटच येतात. परिणामी १०० गिगाबाइट छायाचित्रे उतरवण्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. तीच हार्ड डिस्क ५ गिगाबिटच्या यूएसबी ३.० पोर्टला लावली आणि तिची स्वतःची गती सेकंदाला १२० मेगाबाइट असली, तर ते काम पंधरा मिनिटांच्या आत उरकते. पोर्ट आणि ड्राइव्ह दोन्ही नवे असूनही वेग मिळत नसेल, तर संशय प्रथम केबलवर घ्यावा, कारण सी-प्रकारच्या अनेक केबल्स मुळात चार्जिंगसाठी असतात व त्यांत वेगवान वाहिन्यांच्या तारा नसतातच.

हा दोष डोळ्यांनी दिसत नाही, पण लिनक्स तो सांगते. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा 'टी' या पर्यायासह दिली की जोडलेल्या उपकरणांचा वृक्ष दिसतो आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ४८०एम किंवा ५०००एम असा आकडा येतो. ड्राइव्हसमोर ४८०एम असेल, तर जोडणी जुन्या वेगावर घसरली आहे हे उघड आहे. त्याच ओळीत चालकाचे, म्हणजे उपकरणाशी बोलणाऱ्या प्रणालीचे, नाव असते. तेथे 'यूएएस' असल्यास अनेक मागण्या एकाच वेळी रांगेत लावता येतात, तर 'यूएसबी-स्टोरेज' ही जुनी पद्धत एका वेळी एकच मागणी हाताळते. लिनक्सला हार्डवेअर उशिरा कळते असा समज अजूनही टिकून असला, तरी यूएसबी ३.० बाबत तो खोटा आहे: सप्टेंबर २००९ मधील २.६.३१ या कर्नेलमध्ये तिचा आधार आला, तर विंडोजमध्ये तो अंगभूत स्वरूपात विंडोज ८ सोबत २०१२ साली आला.

वेग मिळाला तरी फाइलप्रणाली, म्हणजे डिस्कवर माहिती मांडण्याची पद्धत, आडवी येऊ शकते. फॅट३२ मध्ये ४ गिगाबाइट वा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही, त्यामुळे जोडलेला मोठा नकाशा तेथे अडतो. एक्सफॅटला ही अडचण नाही आणि कर्नेल ५.४ पासून लिनक्समध्ये तिचा आधार आहे. विंडोजशी देवाणघेवाण असलेल्या एनटीएफएस ड्राइव्हवर लिनक्स केवळ वाचण्याचीच मुभा देत असेल, तर विंडोज पूर्ण बंद न होता 'फास्ट स्टार्टअप'मुळे अर्धवट झोपलेले असण्याचा संभव मोठा आहे. बळजबरीने लिहू पाहण्यापेक्षा तो पर्याय बंद करून विंडोज नीट बंद करणे शहाणपणाचे.

थंडरबोल्टची गोष्ट वेगळी. पोर्ट यूएसबी-सीसारखेच दिसत असले, तरी त्यातून जोडलेले उपकरण संगणकाच्या स्मृतीपर्यंत थेट पोहोचू शकत असल्याने अनोळखी उपकरणाला आधी परवानगी द्यावी लागते, आणि ती देण्यासाठी लिनक्सवर 'बोल्ट' ही सेवा आहे. ती पडद्यावर न विचारता थांबली, तर उपकरण मुळात चालतच नाही असे वाटते, आणि नव्या वापरकर्त्याची चिडचिड होते ती येथेच.

नक्कल पूर्ण झाल्याची सूचना दिसली तरी काही माहिती अजून स्मृतीतच, लिहिण्याच्या प्रतीक्षेत असते. वीज केव्हाही जाणाऱ्या गावी तर वाचकांनी ड्राइव्ह ओढून काढण्यापूर्वी 'सुरक्षितपणे काढा' हा पर्याय अवश्य निवडावा आणि दिवा विझेपर्यंत थांबावे.